दर्यापूर, अकोट, मुर्तिजापूर : दुकान टाकण्याआधी माणसं मोजा



मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच आहे. "सर, आमच्या गावात कोणता धंदा चालेल?" गावाचं नाव बदलतं. दर्यापूर, अकोट, वरुड, तेल्हारा, धामणगाव. प्रश्न तोच. आणि त्याच्यामागे एक वाक्य जोडलेलं असतंच, "गाव आता वाढून राहिलं सर, मार्केट आहे."

मी उलट विचारतो, गाव वाढून राहिलं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मग उत्तरं येतात. बायपासला नवीन ले-आउट पडले. बसस्टँडसमोर कॉम्प्लेक्स झालं. मोबाइलची दोन दुकानं होती, आता बारा झाली. हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ले-आउट म्हणजे माणसं नव्हेत. प्लॉट घेणारा पुष्कळदा पुण्यात नोकरीला असतो आणि प्लॉटवर गाजरगवत वाढत असतं. बारा दुकानं झाली याचा अर्थ गिऱ्हाईक सहापट झालं असाही होत नाही. बारा जणांनी कर्ज काढलं, एवढंच त्यातून नक्की कळतं.

म्हणून आज जनगणनेवर बोलू. विषय कोरडा वाटेल. पण बापाच्या नावावरच्या तीन एकरांवर किंवा आईच्या दागिन्यांवर पैसा उचलून धंद्यात उतरायला निघाला असाल, तर हा तुमच्या घरचाच विषय आहे.

आपल्याकडे शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्या वेळी अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या होती २८ लाख ८८ हजार ४४५ आणि अकोला जिल्ह्याची १८ लाख १३ हजार ९०६. दहा वर्षं मागे, २००१ मध्ये, अमरावती २६ लाख ७ हजार आणि अकोला १६ लाख ३० हजारांवर होते. म्हणजे दहा वर्षांत अमरावती १०.७९ टक्क्यांनी वाढला आणि अकोला ११.२७ टक्क्यांनी. वाढले की नाही? वाढले. पण त्याच दहा वर्षांत सगळा महाराष्ट्र १६ टक्के वाढला, पुणे जिल्हा ३० टक्के आणि ठाणे ३६ टक्के. आणि आपलेच हे दोन जिल्हे त्याच्या आधीच्या दशकात, १९९१ ते २००१, अठरा ते वीस टक्क्यांनी वाढले होते. एका दशकात वेग जवळजवळ अर्ध्यावर आला.

(एक सूचना. जुन्या पुस्तकातले अकोल्याचे आकडे आजच्याशी ताडून पाहू नका. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला. ते धरलं नाही तर अकोला रिकामाच झाला असं वाटेल.)

आता विचार करा. राज्य १६ टक्के वाढतं आणि आपण ११, तर मधली तफावत कुठे गेली? थोडा हिशेब लहान कुटुंबाचा आहे, हे खरं. पण मोठा हिशेब तुम्हाला नागपूर किंवा पुण्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत दिसेल. दिवाळीनंतरच्या रविवारी अमरावतीहून पुण्याला जायचं तिकीट काढून पाहा. त्या गाडीत जे बसलेले असतात ते आपले हरवलेले टक्के आहेत.

दुसरी गोष्ट जन्माची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली, त्यात महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतात. हा आकडा राज्याचा आहे, पण आपल्या गल्लीत पाहिलं तरी कळतं. तुमच्या आजोबांना भावंडं किती होती, वडिलांना किती, आणि तुमच्या घरी पोरं किती? एक किंवा दोन. वऱ्हाडात आता "दोनच बरे" म्हणून सांगावं लागत नाही.

पुढची जनगणना ठरली आहे. संदर्भाची तारीख १ मार्च २०२७, आणि त्याआधी २०२६ मध्ये घरांच्या यादीचं काम. तो आकडा येईल तेव्हा येईल. माझा अंदाज विचाराल तर तो असा, की आपले दोन्ही जिल्हे एका दशकाच्या हिशेबाने एक आकडी टक्क्यांवर आलेले दिसतील आणि काही लहान शहरं जवळपास जागच्या जागी असतील. हा माझा अंदाज आहे, सरकारचा नव्हे. पण कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग २०११ मध्येच चक्क घटले होते. आपण त्या वाटेवर नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

वाढ गेली कुठे

जिल्ह्याचा आकडा वरवरचा असतो, धंदा गावात होतो. म्हणून शहरं एकेक करून पाहू.

अमरावती शहर २००१ मध्ये साडेपाच लाखांच्या जवळ होतं, २०११ मध्ये ६ लाख ४७ हजार. वाढ जवळपास १८ टक्के. सगळ्या जिल्ह्यात दहा वर्षांत जी २ लाख ८१ हजार माणसं वाढली, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त या एका शहरात. आणि अचलपूर? जिल्ह्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, परतवाड्यासकट. २००१ मध्ये १ लाख ७ हजार, २०११ मध्ये १ लाख १२ हजार. दहा वर्षांत पाच टक्केसुद्धा नाही. दर्यापूर ३६ हजारांच्या आसपास, मुर्तिजापूर ४० हजारांच्या आसपास, आणि दोन्हीकडे वाढ अशीच रांगती. अकोट मात्र वेगळं निघालं. ८० हजारांवरून ९२ हजारांवर गेलं, चौदा-पंधरा टक्के. म्हणजे सगळ्या लहान शहरांना एकाच मापाने मोजू नका. अकोटचा माणूस "मार्केट आहे" म्हणाला तर मी त्याचं ऐकून घेईन. दर्यापूरच्या माणसाला चहा पाजून दोन प्रश्न जास्त विचारीन.

अकोला शहराची गंमत निराळी. २००१ मध्ये ४ लाख, २०११ मध्ये सव्वाचार लाख. वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर. शहर थांबलं होतं का? नाही. ते महापालिकेच्या रेषेबाहेर वाढत होतं. उमरी, मलकापूर, खडकी, शिवणी, कागदावर ही तेव्हा वेगळी गावं होती, पुढे हद्दवाढीत आत आली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

शहर वाढतं कशाने आणि अडतं कशाने, हे आपल्या वऱ्हाडात गावाच्या नावातच लिहून ठेवलंय. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे. गाडी आली, कापसाचा बाजार भरला, जिनिंग उभ्या राहिल्या, गाव झालं. १८६० च्या दशकात इकडे रेल्वे आली तेव्हा तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता. अचलपूर त्याच्या कितीतरी आधीपासून मोठं. इमादशाहीत वऱ्हाडची राजधानी. पण मुख्य लोहमार्ग तिकडे गेलाच नाही. पुढे मुर्तिजापूरहून शकुंतला गेली ती नॅरो गेजची, आणि तीही आता बंद. अचलपूरची फिनले मिल लॉकडाऊनमध्ये बंद पडली, त्या पगारांवर चालणारी किराणा दुकानं, सलून, चहाच्या टपऱ्या यांचं काय झालं ते परतवाड्याच्या माणसाला विचारा. राजधानी असणं आणि बाजार असणं यात फरक असतो, राजेहो.

आजचा लोहमार्ग म्हणजे रस्ता. नवीन मुलांना वाटतं समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, आता धंदा धावेल. धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून तो गेलाय खरा. पण तो महामार्ग बंदिस्त आहे. ठरलेल्या ठिकाणीच चढायचं, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. त्याच्या काठावर तुम्हाला ढाबा टाकता येत नाही, पंक्चरचं दुकान टाकता येत नाही. गाडी ताशी शंभरच्या वेगाने तुमच्या तालुक्याच्या छातीवरून जाते आणि तालुक्याला कळतही नाही. तुमचं दुकान इंटरचेंजपाशी असेल तरच त्याचा विचार करा. जुना सहा नंबरचा, म्हणजे आजचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, जिथे २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तासांत करून गिनीज विक्रम केला, तोही चांगला झाला तसा अमरावती आणि अकोला दोन्ही मधल्या गावांच्या जवळ आले. जवळ आले म्हणजे काय? गिऱ्हाईक जायला सोपं झालं.

त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट. त्याच्या आधी, २०२२ मध्ये, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला. योजना चांगली आहे, मला तिच्यावर काही म्हणायचं नाही. पण अंजनगावच्या साडीवाल्याने हे समजून घेतलं पाहिजे की आता त्याची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आठ बाया अर्ध्या तिकिटात अमरावतीला जातात, दिवसभर फिरतात, गिला वडा खातात आणि संध्याकाळी परत येतात. लहान शहरातून मोठी खरेदी निघून गेली, आणि ती परत येईल असं मला वाटत नाही. लहान शहरात काय राहतं? जे रोज लागतं, जे तातडीने लागतं, आणि जे माणूस ओळखीचा असल्याशिवाय करून घेता येत नाही.

तसंच नांदगाव पेठच्या टेक्सटाइल पार्कचं, पीएम मित्र पार्कचं. पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं. या दोन्हींचा जोर अमरावती शहराच्या बाजूलाच पडणार. वरुडच्या किंवा धारणीच्या पोराला त्यातून नोकरी मिळेल, पण तो तिथे राहायला गेला की त्याचं डाळ-तांदूळही तिथलंच होईल.

मागे राहतं कोण

इथे खरी गोष्ट आहे. किती माणसं आहेत यापेक्षा कोणती माणसं आहेत हे धंद्याला जास्त कळलं पाहिजे.

आपले दोन्ही जिल्हे शिकलेले आहेत. २०११ मध्ये राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, अमरावतीची ८७.३८ आणि अकोल्याची ८८.०५. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, खेड्यापाड्यात शाळा नेल्या, गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज कीर्तनातून आणि भजनातून लेकरं शिकवा म्हणून सांगत फिरले. त्याचं हे पीक आहे. पण शिकलेल्या पोराला कामही शिक्षणाजोगं लागतं, ते गावात नाही, मग तो जातो. जितकी शाळा चांगली तितकं गाव रिकामं, असं वाईट गणित आपल्याकडे झालंय.

मागे राहतात म्हातारे आई-वडील. २०११ मध्येच महाराष्ट्रात दर दहा माणसांत एक साठीच्या पुढचा होता. ज्या गावातून तरुण गेले तिथे हे प्रमाण वरच चढणार. मागे राहतात शेती करणारे तिशी-पस्तिशीचे पोरगे, ज्यांची लग्नं जमत नाहीत. हे लिहायला बरं वाटत नाही, पण प्रत्येक गावात अशी नावं आहेत आणि तुम्हाला ती तोंडपाठ आहेत. आणि मागे राहतात बाया, ज्यांच्या हातात आता स्वतःचा थोडा नगद पैसा येतो. बचत गटाचा, मजुरीचा, आणि जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार.

जातीधर्माचाही विचार धंद्यात करावाच लागतो, भेदभावासाठी नव्हे, कॅलेंडरसाठी. अकोला जिल्ह्यात दर पाच माणसांत जवळपास एक मुस्लिम आहे, आणि बौद्ध समाजाचा वाटा त्याहून थोडाच कमी. अमरावतीत मेळघाट धरून आदिवासी चौदा टक्क्यांच्या आसपास, त्यात कोरकू मोठे. आणि आपल्याकडचे धंद्याचे कोर्स सगळे दिवाळी आणि दसऱ्याचे सीझन शिकवतात! बाळापूरला किंवा अकोटला दुकान आहे आणि रमजानचा महिना वहीत वेगळा मांडलेला नाही, १४ एप्रिलचा माल मार्चमध्ये भरलेला नाही, तर तुम्ही अर्धं गाव सोडून धंदा करताय. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड, चांदूर बाजार तालुक्यात डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालणारी बहिरमची यात्रा, पौषातल्या रविवारची ऋणमोचनची यात्रा. यातलं प्रत्येक ठिकाण म्हणजे काही दिवसांपुरतं उभं राहिलेलं एक शहर असतं. बहिरमला रोडग्यांवर आणि हंडीतल्या मटणावर किती चुली पेटतात ते एकदा जाऊन पाहा.

मेळघाटाबद्दल मात्र सांभाळून बोलतो. धारणी-चिखलदऱ्यात माणसं कामासाठी महिने-महिने बाहेर असतात. तिथे बारमाही दुकानाचा हिशेब बारा महिन्यांनी भागू नका, सात-आठ महिन्यांनी भागा.

आता हे सगळं हिशेबात बसवू. समजा तुम्हाला ३६ हजारांच्या गावात लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान टाकायचंय. महाराष्ट्रात हजार माणसांमागे वर्षाला साधारण १५ जन्म होतात. म्हणजे गावात वर्षाला ५४० बाळं, महिन्याला ४५. त्यात पहिल्या बाळाचे कपडे दुसऱ्याला, आत्याने आणलेले, मामाने आणलेले, आणि नामकरणाचा ड्रेस अमरावतीहून. आधीची दुकानं गावात पाच आहेत. तुमच्या वाट्याला महिन्याला किती बाळं आली? भाडं आठ हजार असेल तर एका बाळामागे किती रुपये भाड्याचेच गेले? कागद घ्या आणि करा. खेड्यातलं गिऱ्हाईक धरलं तर आकडा वाढेल, मान्य. पण तुम्ही धरलेलं खेड्यातलं गिऱ्हाईक बाकीच्या पाच जणांनीही धरलेलंच आहे.

त्याच गावात साठीच्या पुढची माणसं किमान साडेतीन हजार. त्यातल्या कितीतरी जणांची मुलं बाहेर. या माणसांसाठी धंदा करणारे किती आहेत? मेडिकलवाला सोडला तर बोटावर मोजा. रक्त तपासणीला घरी येणारा, महिन्यातून एकदा अमरावतीच्या डॉक्टरकडे नेऊन आणणारा, दुपारचा कमी तिखटाचा डबा देणारी, नळाची तोटी आणि मोटार बघणारा, पावसाळ्याआधी कवेलू फेरून देणारा किंवा स्लॅबची गळती काढणारा. इथे गिऱ्हाईक पुण्यात असतं आणि काम दर्यापुरात. पैसा यूपीआयने येतो, उधारी राहत नाही. आपल्या भागात कापूस निघेपर्यंत वही लिहीत बसायची सवय आहे, तिच्यापुढे ही केवढी सोय आहे ते दुकानदारालाच कळेल.

आमच्या एका बॅचमधल्या ताई हेच करतात. शिवणकाम शिकायला आल्या होत्या. शेजारच्या आजीला डबा द्यायला लागल्या, आजीच्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवले, त्याने मित्राला सांगितलं. आज सतरा डबे आहेत. सतरा म्हणजे काही मोठा आकडा नाही, व्हिडिओच्या थंबनेलवर घालण्यासारखा तर नाहीच. पण भाडं नाही, कर्ज नाही, आणि महिन्याच्या पाच तारखेला पैसे जमा असतात. त्या आता विचारतात की गाव सोडून गेलेल्यांच्या बंद घरांची देखभाल अंगावर घेऊ का. मी म्हटलं, घ्या, पण किल्ली घेताना आणि देताना फोटो काढा, लिहून घ्या. विश्वासाच्या धंद्यात एक चोरी झाली की आठ घरं जातात.

तरुण कमी झाले म्हणजे शेतीत हात कमी झाले. हा दुसरा मोठा बाजार आहे. फवारणीला माणूस नाही, वेचणीला बाई नाही, संत्र्याच्या तोडणीला टोळी बाहेरून येते. जो फवारणीचं, कापणीचं, पंप-मोटार दुरुस्तीचं काम ठेक्याने वेळेवर करून देतो त्याला दर विचारला जात नाही, तारीख विचारली जाते. वरुड-मोर्शीकडे आंबिया आणि मृग अशा दोन बहारांमुळे काम दोनदा येतं. पण तिथे बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं तर बागेत भाव पडतो, आणि जमिनीतलं पाणी किती खोल गेलंय ते बोअर घेणाऱ्याला माहीत आहे. सगळा धंदा संत्र्याच्या एका झाडाला बांधू नका.

खारपाणपट्ट्याचं तर मी नेहमी सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यातली दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मुर्तिजापूरची कितीतरी गावं अशी की विहिरीचं पाणी पिववत नाही. आरओच्या पाण्याचे कॅन तिथे चैन नाही, गरज आहे. म्हणून प्लांटही भरपूर झाले. आता तिथे नवीन प्लांट टाकण्यापेक्षा आहेत त्या प्लांटचे फिल्टर, मेंब्रेन, मोटारी सांभाळणारा माणूस कमी आहे. त्याच पट्ट्यालगत अंजनगाव-अकोटकडे पानमळे आणि पानपिंपरी आहे, अकोल्याची डाळ आहे, कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळमिल आहे. अशा प्रक्रिया उद्योगाला गावची लोकसंख्या आडवी येत नाही, कारण माल बाहेर जातो. माझं स्पष्ट मत आहे, थांबलेल्या गावात एकतर बाहेर विकणारा धंदा करा, नाहीतर मागे राहिलेल्यांचा धंदा करा. मधला, म्हणजे "पुण्यात पाहिलं, आपल्याकडे नाही, म्हणून टाकतो", तो सोडा. पुण्यातला कॅफे पंचवीस वर्षांच्या नोकरदार पोरांवर चालतो. आपली ती पोरं पुण्यातच आहेत, त्या कॅफेत बसली आहेत.

आणि मशीन विकणाऱ्यांबद्दल. अगरबत्तीचं मशीन, पत्रावळीचं मशीन, कापूरवडीचं मशीन, "माल आम्हीच परत घेऊ." हे लोक जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलात हॉल घेऊन कार्यक्रम करतात आणि पडद्यावर वाढत्या लोकसंख्येचा आलेख दाखवतात. तो आलेख देशाचा असतो. तुमच्या तालुक्याचा मागा. आणि परत घेण्याचा करार कोणत्या भावाने, किती वर्षांचा, कोणत्या कोर्टात, हे कागदावर मागा. तिथेच बोलणं संपतं.

मोजायचं कसं

२०२७ चे आकडे यायची वाट पाहायची गरज नाही. गाव स्वतः मोजता येतं, आठ दिवसांचं काम आहे. अंगणवाडीताईंना विचारा, तीन वर्षांपूर्वी वजनाला किती लेकरं होती आणि आता किती आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा पट विचारा, पाच वर्षांपूर्वीचाही विचारा. आशाताईंना विचारा, किती घरांत फक्त म्हातारी माणसं आहेत. त्यांना घर अन् घर माहीत असतं, कोणत्याही सर्व्हेपेक्षा त्यांचं सांगणं मी जास्त मानतो. पोस्टात आणि बँकेसमोर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किती वाजता कोण रांगेत असतं ते पाहा. रात्री आठनंतर नवीन ले-आउटमध्ये चक्कर मारा आणि दिवे लागलेली घरं मोजा. प्लॉट नका मोजू, दिवे मोजा.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते बारा तुमच्या धरलेल्या जागेसमोर उभे राहा. किती बाया, किती माणसं, कोणत्या गावची. दुसऱ्या आठवड्यात बाजार नसलेल्या दिवशी तिथेच उभे राहा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या गावावर अवलंबून असलेली खेडी. फरक फार मोठा असेल तर रोज उघडं दुकान कशाला, बाजाराच्या दिवसाचा गाडा पुरे. मंगळवारी एक गाव, शुक्रवारी दुसरं. भाडं एकाही ठिकाणी नाही.

आता तो राहिलेला हद्दीचा मुद्दा. पीएमईजीपीमधून कर्ज घेणार असाल तर अनुदान जागेवर ठरतं. नगरपालिकेच्या हद्दीत जागा असेल तर ती शहरी, ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामीण. खुल्या गटातल्या पुरुषाला शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक यांना शहरी २५ आणि ग्रामीण ३५. दहा लाखांच्या प्रकल्पात रेषेच्या या बाजूला आणि त्या बाजूला एक लाखाचा फरक. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या वेशीवर एक जागा रस्त्याच्या डाव्या हाताला पालिकेत आणि उजव्या हाताला ग्रामपंचायतीत, असं सहज असू शकतं. पण फक्त अनुदानासाठी वस्तीपासून लांब जाऊ नका, दुरुस्तीचं किंवा प्रक्रियेचं काम असेल तर वेशीबाहेर चालतं, डब्याचं आणि शिवणाचं नाही चालत. अनुदानाची रक्कमही लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत वेगळी अडकलेली असते, ते धरूनच हप्ता काढा. जागा पक्की करण्याआधी मालकाकडून नमुना ८ चा ताजा उतारा मागून घ्या आणि त्यावर ग्रामपंचायतीचंच नाव आहे ना ते पाहा. हद्दवाढीचा प्रस्ताव असेल तर पालिकेत जाऊन तेही विचारा, आणि चालू वर्षाचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात तपासूनच अर्ज भरा.